स्थौल्य, आंत्रस्थ जीवाणू आणि आपली रानफळे

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या स्थूल रुग्णांचा प्रश्न बदलला आहे. पूर्वी ते 'सकाळी मध-लिंबू घेऊ का?' असे विचारीत. आता ते परदेशी बेरीफळांच्या रसाची बाटली किंवा अर्काच्या कॅप्सूलची डबी टेबलावर ठेवतात आणि विचारतात, 'याने शरीरातील सूज उतरते, आतड्यातले चांगले जीवाणू वाढतात आणि वजन कमी होते असे म्हणतात, घेऊ का?' अमरावती आणि अकोला येथील आपल्या अनेक वैद्यबंधूंना हा अनुभव आला असेल. खेदाची बाब अशी की, काही चिकित्सालयांत या बाटल्या रुग्णाच्या पिशवीतून येत नाहीत, त्या वैद्याच्याच कपाटातून बाहेर निघतात.

या प्रश्नाला आपल्याकडून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. 'हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे' हे एक उत्तर. 'हे सर्व आमच्या संहितांत आधीच सांगून ठेवले आहे' हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला पुढे वाचण्याचे आणि विचार करण्याचे श्रम पडत नाहीत, म्हणून ती मला सारखीच सदोष वाटतात. या विषयात आधुनिक संशोधन नेमके कुठवर पोहोचले आहे, आपले शास्त्र त्यावर कोणता विवेक शिकवते आणि वऱ्हाडातील वैद्याने त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

संशोधनाची वाटचाल

मेदोधातू म्हणजे केवळ साठवणीची कोठी, ही आधुनिक वैद्यकाची जुनी समजूत १९९३ साली मोठ्या प्रमाणात ढासळली. स्थूल उंदरांच्या मेदपेशीसमूहात टीएनएफ-अल्फा हे शोथजनक द्रव्य अधिक प्रमाणात तयार होते आणि त्यामुळे इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येतो, असे हॉटामिस्लिगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. तेव्हापासून स्थौल्याकडे सौम्य परंतु चिरकारी शोथाची अवस्था म्हणून पाहिले जाऊ लागले. या शोथात लाली नसते, वेदना नसते, ज्वर नसतो. रक्तातील सीआरपीसारखे घटक किंचित वाढलेले आढळतात आणि ही किंचित वाढ वर्षानुवर्षे टिकून राहते.

या शोथाला इंधन कुठून मिळते, या प्रश्नाने संशोधक आतड्याकडे वळले. २००७ साली पॅट्रिस कानी यांच्या गटाने असे दाखविले की, उंदरांना अतिस्निग्ध आहार दिल्यास आतड्यातील काही जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटक रक्तात अधिक प्रमाणात शिरतो आणि त्यातून शोथ व वजनवाढ होते. आतड्याच्या आतल्या बाजूस श्लेष्म्याचा एक संरक्षक थर असतो. तो क्षीण झाला की हा शिरकाव सुलभ होतो. या थरातच राहणारा आणि त्यावरच जगणारा 'अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला' नावाचा जीवाणू २००४ साली नेदरलँड्समध्ये वर्णिला गेला. स्थूल प्राण्यांत तो घटलेला आणि पुरविल्यास थर सुधारलेला दिसल्यामुळे त्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले.

बेरीफळांचा संबंध येथे येतो. या फळांच्या जांभळ्या-तांबड्या रंगास आणि तुरटपणास कारणीभूत असलेली बहुफेनॉल द्रव्ये लहान आतड्यात फारच थोडी शोषली जातात. त्यांतील मोठा भाग पक्वाशयात पोहोचतो. तेथील जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि ती द्रव्येही उलट जीवाणूंच्या समूहात फेरबदल घडवितात. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिस्निग्ध व अतिशर्करायुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना क्रॅनबेरीचा अर्क दिला. त्यांची वजनवाढ, यकृतातील मेद आणि आतड्यातील शोथ कमी झाला आणि अ‍ॅकरमॅन्सिया वाढला. त्याच वर्षी काँकर्ड जातीच्या द्राक्षांतील बहुफेनॉल द्रव्यांवरही उंदरांमध्ये असाच निष्कर्ष आला.

येथपर्यंतची कथा बाटलीच्या वेष्टनावर छापलेली असते. त्यापुढची कथा छापलेली नसते आणि वैद्याला तीच माहीत असणे आवश्यक आहे.

उंदरापासून माणसापर्यंत

अमेरिकेतील पेनिंग्टन संशोधन केंद्रात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२ स्थूल व इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या व्यक्तींना सहा आठवडे ब्लूबेरीची पूड मिसळलेले पेय अथवा तसेच दिसणारे ब्लूबेरीविरहित पेय देण्यात आले. ब्लूबेरी घेणाऱ्यांत इन्सुलिनची कार्यक्षमता अधिक सुधारली. मात्र मेदाचे प्रमाण बदलले नाही आणि शोथनिदर्शक घटकही बदलले नाहीत. म्हणजे लाभ दिसला, पण ज्या मार्गाने तो होतो असे सांगितले जाते तो मार्ग मात्र दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात चयापचयविकृती असलेल्या ४८ स्थूल व्यक्तींमध्ये आठ आठवड्यांच्या ब्लूबेरी सेवनाने रक्तदाब उतरला. उपाशीपोटीची साखर व स्निग्धांशाचे प्रमाण मात्र बदलले नाही. खुद्द अ‍ॅकरमॅन्सिया जीवाणू माणसांना देऊन पाहण्याचा बेल्जियममधील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अभ्यास पूर्ण करणारे स्वयंसेवक ३२ होते. तीन महिन्यांत इन्सुलिनची कार्यक्षमता सुधारली, परंतु वजनातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही.

आपल्याकडील आवळ्यावरही काम झाले आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये चयापचयविकृतीच्या रुग्णांना आवळ्याच्या प्रमाणित जलीय अर्काची २५० किंवा ५०० मिलिग्रॅम मात्रा दिवसातून दोन वेळा, १२ आठवडे देण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सीआरपी आणि रक्तवाहिन्यांचे कार्य दोन्ही सुधारलेले आढळले. ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो अर्क होता. साखरेच्या पाकातील मोरावळा नव्हता, की बाटलीतील गोड सरबतही नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या सर्वांचा मथितार्थ असा की, फळांतील तुरट-आम्ल द्रव्यांचा आतड्यातील जीवाणूंवर आणि चयापचयावर परिणाम होतो, हे मानण्यास आधार आहे. त्याने माणसाचे वजन उतरते, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. शिवाय हा परिणाम सर्वांत सारखा नसतो. डाळिंब, आवळा यांतील टॅनिनांपासून युरोलिथिन नावाची द्रव्ये तयार करणारे जीवाणू काहींच्या आतड्यात असतात, काहींच्या नसतात. एकच फळ एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हे वाक्य वैद्याला नवीन नाही. प्रकृतिभेदाचा विचार येथे आपोआप उभा राहतो. पुण्याजवळील वढू परिसरातील ग्रामीण व्यक्तींच्या प्रकृती आणि आंत्रस्थ जीवाणू यांचा संबंध तपासणारे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रकृतीनुसार काही जीवाणूंत भेद आढळले. ही दिशा आशादायक आहे; सिद्धान्त म्हणून मिरविण्याची वेळ मात्र अजून आलेली नाही.

संहितांतील विवेक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायातील स्थौल्याची संप्राप्ती आपणा सर्वांस पाठ आहे. मेदाने स्रोतसे रोधली जातात, वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, आहार लवकर जिरतो आणि रुग्णाला वारंवार भूक लागते. म्हणून चिकित्सेचे सूत्र गुरू आणि अपतर्पण असे आहे. जे पचण्यास जड असल्याने तीक्ष्ण अग्नीला काम देईल, परंतु धातूंचे, विशेषतः मेदाचे, पोषण करणार नाही, ते द्रव्य येथे हवे. त्याचबरोबर अन्नपान वातघ्न आणि कफमेदोहर असावे, अशी दुहेरी अट तेथेच घातली आहे.

या अटीवर जांभळाची परीक्षा करून पाहावी. जांभूळ कषाय-मधुर, गुरू, शीत आणि कफपित्तघ्न आहे. गुरू असूनही बृंहण करीत नाही. निम्मी अट ते उत्तम रीतीने पूर्ण करते. परंतु ते विष्टंभी आणि ग्राही आहे, आणि पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात तर चरकाचार्यांनी वातजनन द्रव्यांत जांभळाला अग्रस्थान दिले आहे. ज्या व्याधीत वायू आधीच कोष्ठात कोंडलेला आहे, तेथे हे फळ एकटे देणे कितपत योग्य ठरेल?

आवळ्याची परीक्षा निराळी उतरते. आम्लत्वाने वात, माधुर्य व शैत्याने पित्त आणि रौक्ष्य व कषायत्वाने कफ असे तिन्ही दोष तो जिंकतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. चरकाचार्यांनी स्थौल्यासाठी जो श्रेष्ठ प्रयोग म्हणून सांगितला, त्यातही फळ निवडले ते आमलक, आणि तेही एकटे नव्हे. विडंग, सुंठ, क्षार, लोह, मध यांच्यासमवेत जव आणि आवळ्याचे चूर्ण अशी ती योजना आहे. जवातील विद्राव्य चोथा आणि आवळ्यातील बहुफेनॉल द्रव्ये ही दोन्ही आज आंत्रस्थ जीवाणूंचे खाद्य म्हणून अभ्यासली जात आहेत. तथापि 'चरकांना अ‍ॅकरमॅन्सिया ठाऊक होता' असे विधान आपण करू नये. त्यांना रुग्ण ठाऊक होता, त्याचा अग्नी, त्याचा कोष्ठ आणि द्रव्याचे गुण ठाऊक होते. आम म्हणजेच जीवाणूजन्य विष, असे सरळ समीकरण मांडणेही घाईचे आहे. आम ही अग्नीच्या संदर्भातील व्यापक संकल्पना आहे. तिला रक्तातील एका रेणूत बसविल्यास आपलेच शास्त्र संकुचित होईल.

माझ्या चिकित्सेतील एक प्रमाद

हा विवेक मला ग्रंथ वाचून सुचला असे सांगितल्यास ते खरे होणार नाही. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात अकोल्याजवळच्या एका खेड्यातील ४६ वर्षे वयाची महिला रुग्ण माझ्याकडे आली. वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटीमीटर, गुडघेदुखी आणि आरंभावस्थेतील मधुमेह. त्याच सुमारास मी जांभळातील रंगद्रव्यांविषयी वाचले होते आणि त्या वाचनाचा अंमल माझ्यावर होता. 'सकाळ-संध्याकाळ वाटीभर जांभळे खा' असे मी उत्साहाने सांगितले. घरच्याच शेतातील नाल्याकाठी जांभळाचे झाड होते; तिनेही पथ्य निष्ठेने पाळले. बाराव्या दिवशी ती परत आली. आनाह, मलबद्धता आणि पाठीपर्यंत जाणारी कळ. म्हणाली, 'वजन त जागचं हाललं नाही डॉक्टरसाहेब, पोट मात्र नगाऱ्यावानी झालं.'

मी मान खाली घालून तिची नाडी पाहिली. ती क्रूर कोष्ठाची, वातप्रधान स्त्री होती आणि तिच्या मलप्रवृत्तीविषयी पहिल्या भेटीत मी एकही प्रश्न विचारला नव्हता. जांभळे बंद केली, कोष्ठशुद्धी केली. पुढे सुंठीसह आवळकाठीचे चूर्ण, रात्रीच्या जेवणात जव व ज्वारीची भाकरी, संध्याकाळचे तळलेले पदार्थ बंद आणि रोजचे चालणे अशी योजना ठेवली. तीन महिन्यांत वजन ७९ किलो आणि कंबर ९६ सेंटीमीटर झाली. हे श्रेय आवळ्याचे, भाकरीचे, चालण्याचे की बंद झालेल्या भज्यांचे, हे मी सांगू शकत नाही. एका रुग्णावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. परंतु जांभळाने झालेला त्रास कोणत्या विस्मरणामुळे झाला, हे मी निश्चित सांगू शकतो. नव्या ज्ञानाच्या उत्साहात मी रुग्णपरीक्षण विसरलो होतो.

वऱ्हाडची फळे आणि त्यांच्या अवस्था

ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी आपल्या मातीत पिकत नाहीत. त्यांच्या पुडीसाठी रुग्णाने महिन्याला हजारो रुपये का मोजावेत, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. चिखलदऱ्याच्या थंड हवेत अलीकडे स्ट्रॉबेरी पिकते, ती ताजी मिळाल्यास अवश्य खावी. परंतु आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे खरे धन धुऱ्यावर, नाल्याकाठी आणि मेळघाटच्या रानात आहे. वैशाख-ज्येष्ठात करवंदे, ज्येष्ठ-आषाढात जांभळे, कार्तिकापासून आवळे, मार्गशीर्ष-पौषात बोरे. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत यांपैकी जांभूळ व करवंदच बेरी ठरतात. बोर व आवळा आठळीची फळे आहेत आणि स्ट्रॉबेरी तर खरी बेरीच नव्हे. त्यामुळे 'बेरी' या शब्दाला भुलण्याचे कारण नाही.

बोराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. कच्चे बोर पित्तकफकर, पिकलेले बोर पित्तवातहर, स्निग्ध, मधुर व सर, आणि जुने वाळलेले बोर तृष्णाशामक, श्रमहर, दीपन व लघू, असे सुश्रुताचार्यांनी एकाच फळाच्या तीन अवस्थांचे तीन भिन्न गुण सांगितले आहेत. शाळेच्या फाटकाबाहेर विकले जाणारे बोरकूट आपण सर्वांनी खाल्ले आहे. स्थूल रुग्णाला पिकलेली गोड बोरे भरपूर देण्यापेक्षा वाळलेल्या बोरांचे साखरविरहित कूट अल्प प्रमाणात देणे अधिक शास्त्रसंमत आहे. करवंद आणि बोर ही दोन्ही चरकांच्या हृद्य गणात आहेत, हेही स्मरावे. आवळा ताजा मिळेल तोवर ताजा आणि पुढे आवळकाठीच्या रूपाने वर्षभर वापरता येतो. जांभूळ मृदू कोष्ठाच्या, पित्तकफप्रधान रुग्णास, जेवणानंतर, मिठासह, मोजके द्यावे. क्रूर कोष्ठाच्या व आध्मानाच्या रुग्णास देऊ नये. कोणतेही फळ चावून खावे. रस काढला की चोथा जातो, साखर उरते आणि गुरू-अपतर्पणाचे सूत्रच मोडते.

फळाइतकेच महत्त्व ताटातील उरलेल्या अन्नाला आहे. वऱ्हाडी माणसाच्या ताटात एके काळी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी आणि ताक होते. ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले, भाकरीची जागा पोळीने आणि न्याहारीची जागा कचोरी-समोशाने घेतली. आंत्रस्थ जीवाणूंचे पोषण त्या भाकरीनेही होत होते. ताटात हे बदललेले अन्न ठेवून त्यावर बेरीची एक कॅप्सूल देणे म्हणजे गळक्या रांजणाला रंग देण्यासारखे आहे.

आपल्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभारांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. कृश दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही मेद दडलेला असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. कंबर-नितंब प्रमाणानुसार मात्र धोक्याच्या वर्गात ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष मोडतात. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. प्रत्येक चिकित्सालयात मोजपट्टी असावी आणि ती वापरली जावी. भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटीमीटर ही कंबरेची मर्यादा मानली जाते.

अमरावती जिल्ह्याच्याच मेळघाटात कुपोषणाने ग्रासलेली बालके आहेत, याचाही विसर पडू नये. आवळा आणि चारोळी ही तेथील कोरकू कुटुंबांची खाद्ये आणि उत्पन्नाची साधने आहेत. शहरातील स्थूलांसाठी ती अपक्व तोडली गेली, फांद्याच छाटल्या गेल्या, तर एकाचे औषध दुसऱ्याचा घास हिरावून घेईल. रानातून ओरबाडण्यापेक्षा धुऱ्यावर पुन्हा झाडे लावण्यास रुग्ण-शेतकऱ्यांना प्रवृत्त करणे, हे वैद्याचेच काम आहे.

वैद्यबंधूंना विनंती

आपल्या संघटनेच्या सभासदांपुढे मी तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, ज्या फलरसाच्या किंवा कॅप्सूलच्या विक्रीत आपला हिस्सा आहे, तो रुग्णाला चिकित्सा म्हणून देऊ नये. सल्ला आणि विक्री एकाच मुखातून निघू लागली की रुग्णाचा विश्वास उडतो, आणि तो एका वैद्यावरचा उडत नाही, शास्त्रावरचा उडतो.

दुसरी, स्थौल्याच्या प्रत्येक रुग्णाची साधी नोंद ठेवावी. वजन, कंबर, प्रकृती, कोष्ठ, अग्नी, मलप्रवृत्ती, दिलेले फळ, त्याची अवस्था, मात्रा व काल. आणि १२ आठवड्यांनी पुन्हा त्याच नोंदी. ज्यांना परवडेल त्यांची एचएस-सीआरपी तपासणी आरंभी व अखेरीस करावी. जे बिघडले तेही लिहावे. माझ्या त्या रुग्णेसारख्या दहा नोंदी एकत्र आल्या असत्या, तर अकराव्या रुग्णाला जांभळाचा त्रास झाला नसता.

तिसरी, या नोंदींतून काही दिशा दिसल्यास आपल्या दोन्ही शहरांतील आयुर्वेद महाविद्यालयांनी नीतिसमितीच्या संमतीने आणि राष्ट्रीय चाचणी नोंदणीत रीतसर नोंद करून आवळकाठी-जवाच्या योगाचा नियंत्रित अभ्यास हाती घ्यावा. फळांचे विश्लेषण करण्यास अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. क्रॅनबेरीचा अभ्यास क्विबेकच्या संशोधकांनी केला, कारण ते त्यांच्याकडचे फळ होते. आवळ्याचा आणि बोराचा अभ्यास ते आपल्यासाठी येऊन करणार नाहीत.

तोपर्यंत रुग्णाने बाटली टेबलावर ठेवून विचारले, 'घेऊ का?' तर त्याला आधी त्याच्या पोटाविषयी विचारावे. उत्तर त्यानंतर द्यावे.